पट्टा दिसत नाही

चष्मा तिसऱ्यांदा परत आला तेव्हा दुकानाचं शटर मी नुकतंच अर्धं वर केलं होतं. उरलेल्या अर्ध्याखालून वाकून सेकंदकाका आत आले, चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका. पण अजून पट्टा दिसत नाही."

सेकंदकाका म्हणजे आमच्या गल्लीतले घड्याळजी. पन्नास वर्षं मनगटी घड्याळं उघडून बसलेला माणूस. दहाला येतो म्हणाले की दहाच्या ठोक्याला दारात, म्हणून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मी त्याच गल्लीतली चष्मेवाली. पुढचं काउंटर आणि डोळे तपासायची खोली माझी, मागची काचा घासायची खोली नवऱ्याची. अठरा वर्षांत आमच्याकडचे चष्मे कधी परत आले नाहीत असं नाही, पण एकाच माणसाचा एकच चष्मा तीनदा? माझं डोकंच फिरलं.

"कुठला पट्टा, काका?" मी विचारलं. "घड्याळाचा?"

"घड्याळाचा कसला! पक्ष्याचा."

मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं. नवरा कान देऊन ऐकतोय हे मला न बघताच कळलं.

मागच्या दोन्ही वेळी काका नुसतंच "लांबचं बारीक दिसत नाही" म्हणाले होते. मी एकदा काचेचा कोन दोन अंशांनी फिरवून दिला, एकदा दोन्ही काचा नव्याने घासून बसवून दिल्या. काय बारीक, कुठे बारीक, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. चूक माझीच. आता त्यांना स्टुलावर बसवलं आणि नीट विचारलं.

झालं होतं असं. पाण्याच्या टाकीमागे जी दाट झाडी आहे, तिथे दर रविवारी चारजण पक्षी बघायला जातात. म्होरक्या हेडबाई. मुलींच्या शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून शाळेतलाच. बायकोच्या माघारी रविवार खायला उठतो म्हणून काका गेल्या वर्षीपासून त्यांच्यात जायला लागले होते. दरवर्षीसारखा यंदाही तिथे पर्णवटवट्या आला होता. अंगठ्याएवढा पक्षी, हिरवट-मातकट, पानापानांतून किडे, अळ्या, चिलटं टिपत फिरणारा.

"वजन किती, सांगू?" काका म्हणाले. "पट्टा काढलेलं लेडीज घड्याळ हातावर घ्या. बस्स, तेवढं."

त्या पक्ष्याच्या पंखावर फिकट पिवळा आडवा पट्टा असतो म्हणे. हेडबाईंनी दाखवला, बाकी दोघांनी माना डोलावल्या. काकांना मात्र पंख दिसला, डोळ्यावरची फिकट भुवई दिसली, चोचीत धरलेलं चिलट दिसलं. पट्टा नाही. तीन रविवार नाही.

"चौघांतल्या तिघांना दिसतो, मला दिसत नाही. मग खोट कुणात, सांगा!" ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. "काल सगळी घड्याळं ज्याची त्याला परत करून आलो. टेबलावर कापड टाकलं. ज्याला एवढा पट्टा दिसत नाही त्याने केसासारख्या स्प्रिंगला हात लावू नये."

या माणसाला मी त्या टेबलाशिवाय कधी बघितलंच नव्हतं. शाळेतून येताना मी त्यांच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची, तेव्हापासून ते त्याच टेबलामागे.

"आत चला," मी म्हटलं.

तपासणीच्या खोलीत मी त्यांचा नंबर पहिल्यापासून काढला. कसलाच फरक नाही. मग त्यांचाच चष्मा त्यांच्या नाकावर ठेवून तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ त्यांनी धडाधड वाचली. वर तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही वाचून दाखवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात पडदा तपासून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं. डोळे चोख, काचा चोख. मग पट्टा गेला कुठे?

"चष्मा त्या पक्ष्याला घालून बघा!" मागून नवरा ओरडला.

"तुम्ही गप्प बसा हो!" मी ओरडले. काकांना म्हटलं, "उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर. चष्म्यात दोष आहे की नाही, तुमच्या झाडीतच बघू."

"सव्वासहाला," काका म्हणाले. दाराशी वळून म्हणाले, "आणि ताई, चपला वाजतील अशा घालू नका."

सकाळी मी तक्त्याची गुंडाळी काखेत मारली, पिशवीत मोजायची टेप आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे टाकले. नवरा दात घासता घासता दारात आला. "झाडांचे नंबर काढायला निघालीस?"

खरं सांगायचं तर मी तोवर एकही पक्षी धड बघितलेला नव्हता. कावळा, चिमणी, कबुतर आणि उरलेले सगळे 'पाखरं', एवढंच माझं ज्ञान. त्या झाडीतही मी कधी पाय ठेवला नव्हता. कुंपणाच्या तुटक्या कोपऱ्यातून आत शिरलो आणि दहा पावलांवर गल्लीचा आवाजच बंद झाला. टाकीतून झिरपणारं पाणी एका चरातून वाहत होतं, चराच्या दोन्ही बाजूंना लवचिक फांद्यांची झाडं, खाली काटेरी झुडपांची दाटी. पाण्यावर चिलटांचा थवा वरखाली होत होता.

काका एका झाडाशी थांबले. "हीच त्याची जागा."

मी लगेच कामाला लागले. तक्ता चिमट्यांनी एका फांदीला लटकवला, टेपचं एक टोक काकांच्या हातात दिलं आणि बरोबर सहा मीटरवर त्यांना उभं केलं, मी त्यांच्या शेजारी. कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ कुंपणापलीकडून आमच्याकडे बघत राहिले. कुत्राही बघत राहिला.

"वाचा."

काकांनी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकवता.

"काका, या शेवटच्या ओळीतल्या अक्षराची एकेक रेघ पावणेदोन मिलिमीटर जाड आहे," मी म्हटलं. "इथून ती तुम्हाला दिसते. म्हणजे तेवढाच पट्टा एवढ्याच अंतरावर असला, तर तो तुम्हाला दिसायलाच हवा. हे मी नाही म्हणत, हिशोब म्हणतो."

ते काही बोलणार, इतक्यात त्यांचा हात वर गेला. बोट ओठांवर.

तक्त्याच्या वरच्या फांदीवर पान हललं. वारा नव्हता. मग पानांतलं एक पान सुटून दुसऱ्या डहाळीवर गेलं, आणि ते पान नव्हतंच. तो होता! एवढासा! हिरवट पाठ, मळकट पांढरं पोट. शेपटी सारखी खाली दाबत होता, पाण्याचा हापसा मारावा तशी. पानाच्या खालची बाजू बघायला उलटा लटकला, काहीतरी टिपलं, सरळ झाला. हवेत एक गिरकी घेऊन चिलट उचललं. आणि मग, देवाशप्पथ सांगते, खाली येऊन माझ्या तक्त्याच्या काठावर बसला. शेवटच्या ओळीच्या शेजारी!

अठरा वर्षं मी त्या तक्त्याशेजारी बोट ठेवत आले, आज तिथे तो बसला होता. एका बाजूला काळी रेघ, पावणेदोन मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला त्याचा मिटलेला पंख. एकाच अंतरावर, एकाच उजेडात.

काकांनी हळूच दुर्बीण माझ्या हातात कोंबली. ती कशी धरतात ते मला सांगावं लागत नाही, भिंगांतच जन्म गेला. मी डोळ्यांना लावली, चाक फिरवलं, आणि तो पंख माझ्यासमोर हातभर अंतरावर येऊन थांबला. एकेक पीस दिसत होतं. पिसाची कड दिसत होती. मी डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे बघितलं.

"काका," मी कुजबुजले. "पट्टा नाही."

"काय?"

"पट्टाच नाहीये! तुम्हाला दिसणार कुठून? तो आहेच कुठे!"

पक्षी उडाला. काका जागच्या जागी उभे. त्यांच्या हातातलं टेपचं टोक गळून पडलं तरी त्यांना पत्ता नाही.

"नाहीये?" ते म्हणाले. "तुम्हालाही नाही दिसला?"

"मला नाही, तुम्हाला नाही, दुर्बिणीला नाही!"

तेवढ्यात वरून आवाज आला. चिप, चॅप. चिप, चिप, चॅप. चॅप, चिप, चॅप, चिप. दोनच सूर, पुन्हा पुन्हा. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण काकांनी मान तिरकी केली. घड्याळ कानाला लावल्यावर करतात ना, अगदी तशी. आणि त्यांचा चेहरा बघता बघता उजळत गेला.

"हा लंगडतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"हा आवाज! ऐका. टिक, टॉक, टिक, टिक, टॉक. ठोका चुकलेलं घड्याळ आहे हे! आणि ताई, पट्टेवाला असा बोलतच नाही. हेडबाईंनी त्याची टेप ऐकवली होती, त्याची नुसती गडबड, पाच-सहा सूर एका दमात. हा वेगळाच आहे. हा वेगळा आहे हो!"

काकांच्या खिशातलं पक्ष्यांचं पुस्तक बाहेर निघालं. पानं मी उलटली. पर्णवटवट्यांची दोन पानं भरून चित्रं होती आणि पहिल्या नजरेत सगळी एकाच आईची लेकरं वाटत होती. मी मोठ्याने वाचत गेले. पंखावर पट्टा नाही. पाय काळसर. फिरताना शेपूट वारंवार खाली दाबतो. गाणं दोन सुरांचं, अनियमित.

"पाय!" काका म्हणाले. "पाय बघितले का तुम्ही?"

नव्हते बघितले. मग काय, पाऊण तास आम्ही दोघं माना वर करून त्या पायांच्या मागे. तो या झाडावरून त्या झाडावर, आम्ही खाली काट्यांतून. माझी ओढणी दोनदा अडकली, काकांच्या पायाखाली चराचं पाणी आलं. एकदा फांदीआड गेला, एकदा नुसती शेपटी दाखवली. शेवटी पाण्यावर वाकलेल्या एका उघड्या डहाळीवर येऊन बसला, चोच डहाळीला पुसली, आणि आमच्या मागून त्याच्यावर ऊन आलं.

"काळे!" दोघंही एकदमच बोललो.

काकांनी तिथल्या तिथे हेडबाईंना फोन लावला. "तुम्हीच सांगा," म्हणत फोन माझ्याकडे दिला. मी एवढंच म्हटलं, "बाई, मी चष्मेवाली बोलतेय. तुमच्या पक्ष्याचा नंबर चुकलाय."

दहा मिनिटांत हेडबाई हजर. घरातल्याच कपड्यांवर स्वेटर, गळ्यात दुर्बीण, काखेत जाड वही. त्या वहीत बावीस वर्षांच्या नोंदी होत्या. फांदीवरचा तक्ता बघून त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली.

काकांनी सगळं सांगितलं.

"पिसं झिजली की पट्टा पुसट होतो, घड्याळजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि हा दुसरा पक्षी या झाडीत कधीच आलेला नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही."

काकांचा चेहरा उतरायला लागला. मला राहवलं नाही. "बाई, पिसं झिजतील. पाय झिजून काळे होतात का?"

बाई दोन पावलं पुढे सरकल्या. दुर्बीण डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. आणि तो पठ्ठ्या नेमका गायब! दहा मिनिटं झाली. वीस झाली. चिलटं तेवढी नाचत होती. काका दर मिनिटाला मनगटाकडे बघत होते. माझ्या दुकानाची वेळ होत आली होती, पण तिथून मला कुणी ओढूनही नेऊ शकलं नसतं.

मग लांबून, चराच्या पलीकडून आवाज आला. चिप. चॅप. चिप, चिप.

बाईंनी दुर्बीण खाली केली. कानामागे तळवा धरला. आवाज झाडाझाडावरून जवळ येत गेला, आणि तो आमच्या डोक्यावर येऊन, शेपूट दाबत, मान ताणून, चोच उघडून गायला लागला. पूर्ण उन्हात. पंख, पाय, सगळं दाखवत. बाई बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मी पक्ष्याकडे बघायचं सोडून त्यांच्याचकडे बघत होते.

"तीन रविवार मी पट्टा बघितला," त्या अखेर म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता. "खोटं नाही बोलले हो. मला खरंच दिसला. दरवर्षी दिसतो, म्हणून यंदाही दिसला."

"होतं असं, बाई," काका म्हणाले.

"होऊ नये. आणि मी म्हटलं म्हणून त्या दोघांनाही दिसला." त्यांनी वही उघडली, एका झाडाच्या बुंध्यावर टेकवली आणि पेन काकांपुढे धरलं. "घ्या. तुमची नोंद आहे, तुम्ही लिहा. तारीख, वेळ, जागा. आणि पाहणाऱ्यांत यांचंही नाव घाला."

काकांनी लिहिलं. वेळ लिहिताना सेकंदासकट लिहिली.

त्या दिवशी दुकान तासभर उशिरा उघडलं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं, हातवारे करून, शेपटीसकट. तो काच पुसत ऐकत होता. "म्हणजे आपला चष्मा बरोबर होता," एवढंच म्हणाला, पण दुपारभर शीळ घालत होता. संध्याकाळी मी मुद्दाम काकांच्या दुकानावरून गेले. टेबलावरचं कापड निघालं होतं आणि काका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात वाकले होते. मी हाक मारली नाही.

हेडबाईंनी पुढचा आठवडा जुन्या वह्या चाळण्यात घालवला. गेल्या काही वर्षांच्या नोंदींपुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली. त्यांना त्याचं वाईट वाटत असेल असं मला वाटलं होतं. पण फोनवर त्या एखाद्या शाळकरी मुलीसारख्या बोलत होत्या. "अहो, कदाचित गेल्या वर्षीही आला असेल! मी बघितलंच नाही! यंदा डोळ्यांत तेल घालून बघायचं. एकटा आहे की जोडी आहे, ते कळायला हवं."

जोडी होती. दुसऱ्याच रविवारी मादी चोचीत वाळलेलं गवत घेऊन काटेरी झुडपात शिरताना हेडबाईंना दिसली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, चेंडूसारखं गोल घरटं, दार बाजूला. आम्ही जवळ गेलो नाही. बाईंनी बारा मीटरवर जमिनीत काठी रोवली आणि तिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली. मग रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, आमच्यातलं कुणी ना कुणी त्या काठीशी. अंडी फुटल्याचं काकांना कळलं, कारण मादी आत अळी घेऊन गेली आणि बाहेर येताना चोचीत पिल्लाच्या शिटेची पांढरी पिशवी होती. त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं तेव्हा समोर एक गिऱ्हाईक होतं, फ्रेम निवडत. त्या गिऱ्हाईक बाईंनाही आम्ही दोघांनी मिळून सगळं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी त्याही काठीशी उभ्या होत्या.

अर्ध्या तासात सव्वीस खेपा! मी स्वतः मोजल्या. अळी, कोळी, चिलटं, पुन्हा अळी. दारातून दिसणाऱ्या चोची आम्ही मोजायचो. सगळ्यांच्या मते पाच.

घरटं दिसल्यापासून सहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, काकांचा फोन आला. "या. आत्ता या." मी धावत निघाले तर मागून नवराही, हाताला काचेची पांढरी भुकटी तशीच. आम्ही पोचलो तेव्हा हेडबाई आणि काका मांडीला मांडी लावून गवतात बसले होते. घरट्याच्या दारात एक पिल्लू उभं होतं. आखूड शेपटीचं, फुगलेलं. त्याने बाहेर बघितलं, आत बघितलं, आणि उडण्यापेक्षा पडलंच म्हणावं असं जाऊन शेजारच्या डहाळीवर आपटलं. आणि टिकलं!

"एक," काका पुटपुटले.

मग दुसरं. तिसऱ्याला आईने समोर अळी दाखवून बाहेर काढलं. चौथं दारातच अडून बसलं, तर पाचव्याने मागून ढकललं आणि दोघंही एकदम आले. डहाळीवर पाचही खेटून बसली. आई एका टोकापासून चोचीत किडे कोंबत गेली, वर बाप गात होता. नवऱ्याच्या हातात मी नुकतीच घेतलेली दुर्बीण होती आणि तो ती परत द्यायचं नाव घेत नव्हता.

"झालं," हेडबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "पाचही सुखरूप."

"थांबा, बाई!" नवरा दुर्बिणीतूनच म्हणाला. "खाली बसा, खाली बसा! दारात अजून एक डोकं आहे!"